मागे कोण आहे?

दिवाळीत चार दिवस बाहेरगावी जायचे ठरले, की शेजारची माणसे कुठे जाता, कधी येता हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, "मागे कोण आहे?" आमच्या भागातली ही जुनी रीत आहे. या प्रश्नात चौकशी असते, काळजी असते आणि थोडी नापसंतीही असते. घर उघडे-बोडके टाकून सगळ्यांनीच निघून जाणे आमच्या लोकांना मनापासून कधी पटलेले नाही. गोठ्यात जनावर असे, देव्हाऱ्यात दिवा असे, ओसरीवर बाजेवर म्हातारे माणूस असे. तेव्हा या प्रश्नाला काही ना काही उत्तर असायचेच. गेली दोन वर्षे आमचे उत्तर असते, "मोत्या आहे." लोक हसतात. पहिल्यांदा मीही हसले होते.

मोत्या आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही. आमचा मुलगा आठवीत होता तेव्हा भर पावसात, शर्टाच्या आत दडवून त्याने हे पिल्लू आणले. "चार दिवस राहू दे, मग सोडून देतो," असे तो म्हणाला. या चार दिवसांचा हिशेब प्रत्येक घरात कसा होतो हे वाचकांना सांगायला नको. पुढे मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मोत्या आमच्याकडे राहिला. मी शाळेत जाते, घरचे कचेरीत. सकाळी साडेनऊला दोघांचे पाय घराबाहेर पडतात ते संध्याकाळी साडेपाचला परत येतात. पण त्या वेळी मोत्याचा प्रश्न कोणालाच पडला नाही, कारण घरात सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. निघताना मी दारातून ओरडायची, "आत्याबाई, येते हो!" आतून उत्तर यायचे, "जा बाई, मी हाये."

दोन वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, आमच्या रजा संपल्या आणि त्या घराला पहिल्यांदा दिवसाचे कुलूप लागले.

संध्याकाळी येऊन पाहते तो दाराच्या आतल्या बाजूची फळी ओरबाडलेली, उंबऱ्याशी लाकडाचा भुगा, चपलांच्या चिंध्या आणि फरशीवर ओल. मोत्या मात्र आनंदाने वेडा झालेला. मी दमून आले होते. वर्तमानपत्राची सुरळी केली आणि दोन रट्टे दिले. तो अंग चोरून मार खात होता आणि त्यातही शेपूट हलवीत होता. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. "हा आपल्यावर सूड उगवतो आहे," असे आम्ही नवराबायको एकमेकांना सांगत होतो. माणसाला जनावराच्या मनातले काही कळले नाही, की तो आपल्याच मनातले तिथे नेऊन ठेवतो.

शेवटी शेजारचे निवृत्त गृहस्थ संकोचत म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही कोपऱ्यावर वळलात की तो सुरू होतो. अर्धा-पाऊण तास चालते. भुंकणे नव्हे ते. ऐकवत नाही."

मग आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी त्याच्या पंजांची नखे पाहिली. दोन नखे मुळापासून फाटली होती. ज्या दाराने आम्ही बाहेर गेलो तेच दार त्याने ओरबाडले होते, खिडकी नाही, मागचे दार नाही. डॉक्टर म्हणाले, हा खोडकरपणा नव्हे, ही घबराट आहे. पाण्यात पडलेला माणूस जसा हातपाय मारतो तसे हे आहे. बहुतेक कुत्र्यांत ती माणूस गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच उसळते. काही जण तर त्याच्याही आधी घाबरू लागतात. किल्ल्या वाजल्या, पर्स खांद्याला लागली, पायात चप्पल गेली, की त्यांना पुढचे कळते. मग ते एक वाक्य बोलले आणि ते मला अजून टोचते. "तुम्ही संध्याकाळी मारता ते कशाबद्दल, हे त्याला मुळीच कळत नाही. त्याला एवढेच कळते, की परत आलेले माणूस मारते." म्हणजे जाण्याची भीती त्याला होतीच, येण्याची भीती मी घातली.

निघताना त्यांनी सहज विचारले, "हा एकटा कधीपासून राहतो?" मी म्हणाले, "सासूबाई गेल्यापासून." त्या वेळी हे उत्तर मी नुसते माहिती म्हणून दिले.

यातला नैतिक प्रश्न काय, असे कोणी विचारील. मला तो असा दिसतो. माणसाला मागे ठेवून जाताना आपण त्याला एक शब्द देतो: पाच वाजता येते, सणाला येतो, चार महिन्यांनी येतो. त्या शब्दाच्या आधारावर मागचे माणूस दिवस ढकलते. कुत्र्याला तो शब्द देता येत नाही. ज्याला वचन कळतच नाही, त्याला दिलेले वचन बांधील असते काय? आणि ज्याला ते देताच येत नाही, त्याला सोडून रोज निघून जाण्याचा आपल्याला अधिकार काय?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. नामदेवांचे गाव म्हणून आम्ही ते मानतो. नामदेवांची कुत्र्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. कुत्र्याने पोळी पळवली आणि कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. सर्वांभूती देव पाहावा म्हणून ही गोष्ट सांगतात. मी वर्गात ती अनेकदा सांगितली आहे. मोत्याचे हे प्रकरण झाल्यावर पुन्हा सांगायला उभी राहिले, तेव्हा मला वेगळेच दिसू लागले. त्या कुत्र्याला काय दिसले असेल? आपण पोळी उचलली आणि एक माणूस हातात काहीतरी घेऊन मागे लागला आहे! नामदेव जितके जोरात धावतील तितका तो जिवाच्या आकांताने पळणार. त्या माणसाच्या हातात तूप आहे हे त्याला सांगायचे कसे? प्रेम आहे, हेतू निर्मळ आहे, आणि पोहोचत मात्र काहीच नाही. गोष्टीतला संत हा पेच भक्तीने सोडवतो. आपण नामदेव नव्हे. आपल्या हातातली वाटी त्याच्यापर्यंत पोहोचवायची तर ती त्याच्या भाषेत पोहोचवावी लागते, आणि त्याची भाषा म्हणजे सवय. त्याला दुसरे व्याकरण नाही.

लोक म्हणतात, जनावराला काळ कळत नाही, तुम्ही तासाने आलात काय नि आठ तासांनी आलात काय, त्याला सारखेच. हे बोलणे दिलासा म्हणून बोलतात. २०११ साली स्वीडनमधल्या दोन संशोधिकांनी नेमके हेच पाहिले होते. कुत्र्यांना त्यांच्या घरात अर्धा तास, दोन तास आणि चार तास असे एकटे ठेवले. अर्ध्या तासाने मालक आला त्यापेक्षा दोन तासांनी आला तेव्हा कुत्र्यांनी त्याचे स्वागत अधिक जोराने केले. दोन आणि चार तासांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे थोडे आणि पुष्कळ एवढे त्याला बहुधा कळते, पुढचा हिशेब त्याच्याजवळ नसावा. पण यात दिलासा कुठे आहे? पाच वाजणार आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या लेखी प्रत्येक जाणे कायमचेच असणार.

आणखी एक प्रयोग जपानमधला आहे, २०२२ सालचा. बराच वेळ दूर राहिलेला मालक भेटला की कुत्र्याच्या डोळ्यांतले पाणी वाढते, ओळखीचे पण परके माणूस भेटले तर वाढत नाही, असे त्यात आढळले. त्याच देशातल्या हाचिको नावाच्या कुत्र्याची गोष्ट आता जगभर झाली आहे. १९२५ साली त्याचे मालक, एक प्राध्यापक, अचानक वारले. त्यानंतर १९३५ मध्ये मरेपर्यंत हाचिको शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहायला जात राहिला. त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा बसवला गेला. आपल्याकडे रायगडावर वाघ्याचे स्मारक आहे. त्या कथेला इतिहासाचा पुरावा नाही असे अभ्यासक सांगतात आणि त्यावरून वादही झाले, पण लोकांना ती कथा हवीशी वाटली हे तर खरेच. मला मात्र या पुतळ्यांचे थोडे नवल वाटते. मेलेल्या धन्यासाठी झुरणाऱ्या कुत्र्याचा आपण पुतळा करतो, आणि जिवंत धन्यासाठी साडेनऊ ते साडेपाच झुरणाऱ्या कुत्र्याला वर्तमानपत्राची सुरळी दाखवतो.

या झुरण्याला जबाबदार कोण? कुत्रे माणसाजवळ आले त्याला निदान १४-१५ हजार वर्षे झाली असे जाणकार सांगतात. काश्मीरमधल्या बुर्झाहोमच्या उत्खननात नवाश्मयुगातल्या माणसाशेजारी पुरलेली कुत्री मिळाली आहेत. इतक्या पिढ्या आपण काय केले? जे पिल्लू लांडग्यासारखे बिचकून दूर पळे ते पळू दिले, जे पायाशी येऊन बसे त्याला तुकडा घातला. असे करीत करीत माणसावाचून ज्याला राहवत नाही असे एक जनावर आपण घडवले. ही त्याची लाचारी नव्हे, आपली कारागिरी आहे. जुन्या गावात ती खपून जात असे. तिथला कुत्रा गल्लीचा असे, वाड्याचा असे. दार उघडे असे आणि दिवसभर माणसांची ये-जा असे. तो एकटा असा कधी नसेच. हिंगोली १९९९ साली परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, गावाबाहेर कॉलन्या झाल्या. प्रत्येक घराला फाटक आणि प्रत्येक फाटकाला कुलूप. आता त्या फाटकामागे मोठ्या किमतीची, केसाळ, थंड मुलखातली कुत्री दिसू लागली आहेत. आमच्या उन्हाळ्यात ती जीभ काढून पडलेली असतात आणि घरात दिवसभर कोणी नसते. दारात शोभा हवी असेल तर कुंडी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या मतामुळे एक-दोन घरी माझे हळदीकुंकवाचे आमंत्रण कमी झाले आहे. असो.

शाळेत मी हे एकदा बोलले, तेव्हा एक सहकारी चिडून म्हणाले, "मॅडम, इथे माणसांची पोरे सहा-सहा महिने आईबापांवाचून राहतात आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात?" बोलणे खोटे नव्हते. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचे पोते, शेळी आणि लहान लेकरे चढतात. शाळेत जाणारी पोरे आजीआजोबांकडे ठेवतात. त्यांच्यासाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे निघाली, ती चालतात तिथे पोरांना दोन वेळचे जेवण मिळते. हे सगळे डोळ्यांसमोर असताना कुत्र्याच्या रडण्यावर निबंध लिहिणे चैनीचे आहे काय? मी बरेच दिवस या प्रश्नाला बगल दिली.

वर्गात एक मुलगा होता, तोळामासा प्रकृतीचा, आजीजवळ राहणारा. आईबाप कारखान्यावर गेले त्या आठवड्यात मी त्याला विचारले, "तुमच्याकडे कुत्रा आहे ना रे? तो काय करतो आता?" तो म्हणाला, "काळ्या फाट्यावर जाऊन बसतो, मॅडम. ट्रॉली गेली तिथं. चार-पाच दिस बसतो."

"आणि मग?"

"मग येतो की. आजीपाशी बसतो."

"आणि तुला करमते का?" असे मी विचारले. त्यावर तो काही बोलला नाही. काळ्याचे त्याने घडाघडा सांगितले, स्वतःचे एक अक्षर सांगितले नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "काळ्यासाठी मी भाकर ठेवतो अर्धी." त्या दिवसापासून माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न मला तितकासा अडचणीचा वाटत नाही. ते म्हणतात तशी पोर आणि कुत्रा यांच्यात निवड करायची वेळ त्या पोरावर आली नव्हती. ती आपण, भरल्या पोटाची माणसे, वादात करतो.

महाभारताच्या शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. आसरा धरलेल्याला टाकणे हे पाप, असे तो इंद्राला ऐकवतो. लहानपणी या गोष्टीने माझा ऊर भरून येई. आता दोन शंका येतात. एक म्हणजे धर्मराजाला हजेरीपटावर सही करायला जायचे नव्हते. रोज जाणे आणि रोज परत येणे हा संसाराचा पेच त्याच्यापुढे नव्हताच. दुसरी शंका अधिक अवघड आहे. त्याच वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ एकामागून एक पडले. कोण कशामुळे पडले ते त्याने सांगितले, पण मागे वळून पाहिले नाही. कुत्र्यासाठी मात्र तो थांबला. असे का व्हावे? घरच्या माणसाचे सोसणे आपल्याला हक्काचे वाटते म्हणून?

हे वाक्य लिहिताना मला आत्याबाई आठवल्या.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनात सावकाश उतरला. मोत्या एकटा कधीपासून राहतो? आत्याबाई गेल्यापासून. मग त्याआधी एकटे कोण राहत होते? मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून साडेनऊ ते साडेपाच त्या घरात एक ऐंशीच्या घरातली बाई आणि एक कुत्रा होता. त्यांच्या जीवावर आम्ही निर्धास्त होतो. "मागे कोण आहे?" असे कोणी विचारले की मी सहज म्हणत असे, "आत्याबाई आहेत ना!" त्या आहेत म्हणजे कुलूप लावायला नको, दूधवाल्याला दूध घेता येते, गॅसचा सिलिंडर उतरवून घेता येतो. त्यांच्या असण्याचा हा सगळा हिशेब माझ्याजवळ होता. त्यांना दुपारी काय वाटत असेल, हा रकाना त्यात नव्हता. त्या रडल्या नाहीत. त्यांनी दार ओरबाडले नाही. "जा बाई, मी हाये," असे रोज म्हणाल्या. आम्हाला सोपे जावे म्हणून त्या तसे म्हणत, हे मला त्या गेल्यावर, एका कुत्र्याच्या फाटलेल्या नखांवरून कळले.

शेजारचे गृहस्थ पुढे एकदा सांगत होते, "दुपारभर बोलायच्या त्याच्याशी. माहेरच्या गोष्टी सांगायच्या. आम्हाला भिंतीतून ऐकू येई." मला त्यातली एकही गोष्ट ठाऊक नाही. मोत्या ऐकून आहे. आणि तो जो ओरडत होता, तो आमच्यासाठी ओरडत होता, असे आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो. आम्ही परत आल्यावर तो आनंदत असे हे खरे, पण कुलपाआड तो कोणाला हाका मारीत होता हे मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी औषध दिले नाही. फार वाईट अवस्थेतल्या कुत्र्यांना गोळ्याही देतात, पण ते काम त्यांच्या सल्ल्यानेच व्हावे, आणि नुसत्या गोळीने भागत नाही असे ते म्हणाले. त्यांनी सांगितलेला उपाय फार साधा होता आणि फार लांबणीचा. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेही न जाता खुर्चीवर बसायचे. असे दिवसातून दहा वेळा, म्हणजे किल्लीच्या आवाजातले विष उतरते. मग दाराबाहेर जाऊन लगेच परत यायचे. मग एक मिनिटाने, मग दोन, मग पाच. तो घाबरायच्या आत परतायचे, घाबरल्यावर नव्हे. घाबरला तर पुन्हा मागच्या पायरीवर. जाताना गळाभेट नको, आल्यावर गाजावाजा नको. सकाळी त्याला भरपूर फिरवून आणायचे, म्हणजे अंग थकते. निघताना चघळायला काही ठेवायचे. आणि ही शिकवणी चालू असेपर्यंत त्याला खरोखरचा एकटा पाडायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यांत कठीण होती. ती शेजारच्या गृहस्थांनी सोडवली. त्यांचेही मुलगा-सून नोकरीला आहेत. साडेनऊला मोत्या त्यांच्या ओट्यावर जाऊ लागला. तो उपकार कोणावर झाला हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

नेपाळात दिवाळीच्या चतुर्दशीला कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासरू पूजतात, पोळ्याला बैल पूजतात, कुत्र्याच्या वाट्याला चंपाषष्ठीचा खंडोबाचा नैवेद्य येतो. यंदा नरकचतुर्दशीला मोत्याला टिळा लावावा असे मुलाने पुण्याहून फोनवर कळवले आहे. लावू. पण त्या दिवशी तो स्वतः येणार आहे, हे मोत्याला जास्त आवडेल.

सुट्टीच्या दिवशी आमची शिकवणी अजून चालू असते. मी कुलूप लावते, कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत जाते आणि घड्याळ पाहत उभी राहते. कॉलनीतल्या बायका आधी विचारीत, "काय हरवले का?" आता विचारीत नाहीत. गेल्या रविवारी चाळीस मिनिटे झाली तरी आतून आवाज नव्हता. मी घाबरून परत आले आणि दार उघडले. मोत्या आत्याबाईंच्या जुन्या गोधडीवर पसरला होता. त्याने मान उचलून माझ्याकडे पाहिले, शेपूट दोनदा जमिनीवर आपटले आणि डोके परत गोधडीवर टेकले. ती गोधडी मी अजून धुतलेली नाही. मी दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि पुन्हा कडुनिंबाकडे निघाले, या वेळी पन्नास मिनिटांसाठी.